बोटभर जागा

मानेवाड्याच्या दुसऱ्या माळ्यावरची आमची भिंत सरळ नाही,
हे तेजरामला ओळंबा सोडायच्या आधीच कळलं.
शिवाय कोपऱ्यातून उतरतो
वरच्या डोंगरेबाईंच्या मोरीचा पाइप,
मध्येच गुडघा वाकवून.
"हा हलवता येईल का?"
"तो पहिले आला न ताई. आपण मागून येऊन राहिलो."

कुलरच्या पंपाचा खोका फाडून
पाइपाचा वाक त्यानं पुठ्ठ्यावर उतरवला.
कापलं, लावून पाहिलं, कानस मारली, पुन्हा लावलं.
कपाटाच्या कुशीतून
चतकोर भाकरीएवढी फळी गेली.
तरी बोटभर फट ठेवलीच.
"मे महिन्यात पाइपबी फुगते.
घट्ट धरला का तडकते."
आठशे रुपये जास्तीचे घेतले त्यानं, त्या फटीसकट.

आता तिखटाच्या बरणीमागून
रोज रात्री साडेदहाला
डोंगरेबाईंच्या भांड्यांचं पाणी जातं.
मी घड्याळ बघत नाही.

परवा गेलं नाही.
काल पण.
आज चहापत्तीला हात घातला
तर बोटं फटीतून पाइपाला लागली:
कोरडा,
भिंतीसारखा कोमट.

गॅस बंद केला.
जिना चढले.