उधारीचे नऊ सेकंद

निपाणीच्या पतसंस्थेत तिसऱ्या मजल्यावर,
जिथं पूर्वी तंबाखूची पोती रचायचे,
तिथं आता एक काळं कपाट गारठ्यात उभं आहे.
एसी बंद पडला की भिंतींतून
जुना वास परत येतो.

दुसरं कपाट बेळगावला, उद्यमबागेत,
लेथच्या कारखान्यामागं.
मध्ये हायवेच्या कडेनं पुरलेली
केसासारखी बारीक काच.
इकडं लिहिलेलं तिकडं उमटतं.
उमटलं का, ते बघायचा मला पगार.

सुरुवातीला आम्ही थांबायचो.
सायराबी मुजावर काउंटरवर उभी,
विड्यांच्या मजुरीतले चारशे दहा रुपये भरून,
आणि मशीन गप्प, तिकडनं होकार येईपर्यंत.
बाजारच्या दिवशी रांग जिन्यात उतरायची.
मग मीटिंगमध्ये ठरलं:
पावती आधी, पोचवणं मागाहून.
तेव्हापासून बेळगाव आमच्या मागं आहे,
कधी चार सेकंद, कधी नऊ.
कंपनीच्या कागदात याला भारी नाव आहे.
मी उधारी म्हणते.

जायचं राहिलेलं जर्नलमध्ये थांबतं,
नंबर लावून, आलं त्याच क्रमानं.
जमेच्या आधी खर्च पोचला
तर तिकडची सायराबी
नसलेले पैसे काढताना दिसेल.
खातं, व्याज, तारण एकाच दाव्याला बांधलेत:
निघाले तर तिघं, अडले तर तिघं.

मार्चमध्ये हत्तरगीजवळ
जेसीबीनं काच तोडली.
उद्यमबागेतून ईराण्णाचा फोन:
"लाइन इल्ला."
जर्नल सत्तर टक्के. ब्याण्णव. भरलं.
मग त्यानं लिहिणंच सोडलं,
नुसत्या फुल्या मारत बसलं,
हा ठोकळा बदलला, हा बदलला,
कधी बदलला, कुणाच्या आधी, ते विचारू नका.

दड्डीचा एक पोरगा ओम्नीच्या डिकीत बसून
पहाटे तीनपर्यंत काच जोडत होता.
फुल्यांवरून भरताना क्रम राहत नाही,
मधल्या वेळी तिकडचं अर्धं जुनं, अर्धं नवं,
कशाचाच भरवसा नाही.
म्हणून ईराण्णानं आधी
तिकडच्या सगळ्याचा एक फोटो धरून ठेवला.
जुना, पण धड.
पाच वाजता म्हणाला, "बंत नोडु."
आलं. सगळं आलं.

सगळ्यात चूकही आली.
आदल्या संध्याकाळी नव्या क्लार्कनं
नवऱ्याच्या नावापुढं लिहायचं 'मयत'
सायराबीच्या नावापुढं लिहिलं होतं,
आणि खातं बंद होताना
वारस, ठेव, अठरा वर्षांचं व्याज
एकेक करून पुसलं गेलं होतं.
काचेला काय, ती जन्म पोचवते तसं मरणही,
शंका न घेता.

दहाला सायराबी आली. बोटं तंबाखूनं काळी.
मी स्क्रीन तिच्याकडं वळवला नाही.
ईराण्णाच्या फोटोत मात्र ती होती,
काल दुपारची, पै-पैसकट.
तिथून उचलून परत मांडायला
माझा चहा दोनदा गार झाला.

"आता बरोबर हाय?"
हाय म्हटलं.
"आन बेळगावात? तिकडंबी जिती हाय नव्हं मी?"

मी घड्याळ बघितलं.
थांबा जरा, म्हटलं.
चार सेकंद.