डोंगर पुसण्याचं काम

बँकेच्या माहितीपत्रकासाठी
गेल्या सोमवारी मी अँडीज पर्वत पुसला.
दोन तास लागले.
बर्फ लगेच जातो, तो आभाळाच्याच नात्यातला;
कडे हट्टी असतात.

डॉन बाल्दोमेरो पाठीशी येऊन म्हणाले,
आता बघ, टॉवर कसा उठून दिसतो!
दिसला खरा.
न्हाणीघराच्या फळीवर
एकटी उरलेली शाम्पूची बाटली दिसते, तसा.
हे सांतियागो आहे, हे आता
खाली नाव छापलं तरच कळणार.

जेवणाच्या सुट्टीत,
काढलेला डोंगर वाया जाऊ नये म्हणून
मी तो रोसारियोच्या मागे चिकटवला.
तिथे माझी मावसबहीण राहते, एदेल्मिरा.
सपाट गाव, गढूळ नदी,
आणि धान्याची कोठारं,
ज्यांना ती जन्मभर नाकं मुरडत आली.
फोटो पाठवला.
"कुठलं गं हे? किती देखणं शहर!"
मग बऱ्याच वेळाने,
"थांब. ती तिसरी खिडकी माझी आहे."

दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी एवढंच लिहिलं:
इथे आभाळ इतकं मोकळं आहे
की सात मजलेसुद्धा धाडस वाटतात.
तुझा डोंगर काढून घे.

काढला.
दुरून डोंगर साजरे, ते ठीक;
पण जवळचं काही साजरं दिसतं
तेही कुणाच्या तरी उसनवारीवर,
हे मला पगार घेऊन कळलं.

जुलैत शहराच्या वाटीत धूर बसतो.
तीन-तीन आठवडे
माझं काम तोच करतो, फुकट.
थांब्यावरची माणसं इमारतींना शिव्या घालतात,
काचा, काचा, नुसत्या काचा,
कुणी मंजूर केले हे नकाशे?
आणि एखाद्या रात्री पाऊस होऊन गेला
की सकाळी तीच माणसं
त्याच काचांतलं बर्फ बघत राहतात
आणि बस निघून जाते.

माझ्या गच्चीवरून दिसतात
पाण्याच्या तीन टाक्या, गंजकी अँटेना,
ओर्तेन्सियाबाईंनी वाळत घातलेले मोजे,
आणि मागे तो.
मोजेसुद्धा बरे दिसतात.

बँकेचं काम पोचतं केलं.
डोंगराचा थर मात्र
वेगळा जपून ठेवलाय,
फाईलला नाव दिलंय: किरकोळ.