चाचणी

साकीनाक्याच्या गाळ्यात, पोटमाळ्यावर,
टोकन मिळालं: चौसष्ट अक्षरांची किल्ली,
उद्या या वेळेला आपोआप बोथट होणारी.

पहिली हाक: ४०१. ओळखत नाही.
किल्लीच्या शेपटाला एक मोकळी जागा चिकटली होती.
ती खुडली. २००.
आणि महिरपी कंसांत बसलेली माणसं
एकाखाली एक.

नमुन्यातली ओळ तशीच उचलली,
"नमस्कार, हा चाचणी संदेश आहे",
नि पाठवली.
कुणाला, ते बघितलंच नाही.

गेली ती गोराईच्या फिलोमिना तुस्कानोंना.
त्यांचा प्रश्न मंगळवारपासून पडून:
नळाला पाणी कधी?

अर्ध्या मिनिटात उत्तर.
"पास झालास, बाळा.
आता पाणी?"

पाणी सोडणारा एन्डपॉइंट
यादीत नाही.
खुर्ची मागे सारतो,
वॉर्ड ऑफिसला फोन लावतो.
वाजतोय.