अर्थ

चावी फिरवली की नुसतं टक्.
बॅटरी नवी, म्हणतो सालिम, परवाच सोहारला टाकली.
वादी कबीर, दुपारचे दोन,
बॉनेटला कोपर लावायची सोय नाही.

दिवे लख्ख. हॉर्न खणखणीत. फ्यूज शाबूत.
स्टार्टरला पान्याने दोन टपल्या:
टक्.

हनीफमामू म्हणायचे,
प्लसमागे सगळेच धावतात, पोरा,
तू आधी अर्थ बघ.

चावी धरून ठेव, सांगतो.
मीटरचं एक टोक मायनसला, दुसरं इंजिनला:
शून्य हवं तिथे सात.

गिअरबॉक्सखाली हात घालतो.
पट्टी बोटांत चुरते, हिरवी,
खाऱ्या हवेनं खाल्लेली.

नवी पट्टी. बोल्ट घासून पांढरा.
गाडी सुरू.

काय होतं?
अर्थ माफी, अरबाब.
इथे माफी म्हणजे नाही.

सालिम तीन रियाल मोजतो.
बोटांवरचं हिरवं
साबणानं जात नाही.