झाकणावर तळहात

बाबा एकोणिसाव्या मजल्यावर येतात
लाल पिशवीतून लिफ्टभर पाणी ठिबकवत.
खाली बाजारात याउ काकूंनी तिसऱ्या निवडून दिल्या,
एकीवर एक आपटून,
भरीव वाजली तर पिशवीत, पोकळ वाजली तर नाल्यात.
बाबा प्रत्येक वेळी मान डोलावत होते,
जणू ऐकूच येत होतं.

घमेल्यात पाणी, पाण्यात मीठ.
चव घेऊन, थुंकून, पुन्हा मीठ.
मग चुलीच्या देवाच्या तसबिरीमागून निघतो तो बोल्ट,
अंगठ्याएवढा, गंजाने फुगलेला,
त्सिंग यीच्या गोदीतून
शेवटच्या पगाराच्या दिवशी खिशात आलेला.
पाण्यात लोखंड असलं की तिसऱ्या वाळू सोडतात,
असं त्यांची आई म्हणायची.
बाई बोटीवर जन्मलेली, बोटीवर बाळंत झालेली,
तिच्याशी वाद कोण घालणार.

एकतीस वर्षं
असल्याच बोल्टांवर हातोडे पडत राहिले
जहाजांच्या पोटात, आणि बाबा आत.
आता कानातलं यंत्र स्वयंपाकाआधी
ते साखरेच्या डब्यावर काढून ठेवतात.
त्यातून फोडणी म्हणे
पत्रा फाटल्यासारखी वाजते.

दुपारभर घमेलं बोलत असतं.
पिच्च.
मग बराच वेळ काही नाही.
मग पिच्च पिच्च, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर
येत्या गुरुवारी एक थेंब.
मी फोनवर ऑफिसला सांगते, नाही, नळ गळत नाहीये.
बाबा खुर्चीत डुलक्या घेतात,
पायाशी समुद्र कुरकुरतोय हे त्यांच्या गावी नाही.

सहाला कढई धुरावते.
तेलात आल्याच्या काड्या, ठेचलेला लसूण, एक सुकी मिरची,
आणि आंबवलेले काळे सोयाबीन,
दोनदा धुवून, सुरीच्या पात्याने चेपलेले.
त्यांचा वास भिंत ओलांडतो,
पलीकडे चान कुटुंबाचं बाळ शिंकतं.
मग तिसऱ्या, गारांसारख्या, धडाधड,
वर तांदळाच्या दारूचा एक शिडकावा,
भसकन ज्योत, आणि लगेच झाकण.

पूर्वी इथे बाबा डोळे मिटायचे.
आत शिंपले उघडत जायचे, टक, टक,
ते ओठांत मोजायचे
आणि साठाला चार कमी असताना गॅस बंद.
एकही रबरासारखी झाली नाही कधी.

आता ते झाकणाच्या लाकडी मुठीवर
तळहात ठेवून उभे आहेत,
तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"आवाज येतोय?" विचारतात, गोदीतल्या आवाजात.
मी वाफ बसलेल्या फरशीवर बोटाने लिहिते: येतोय.
"कसा?"
आता कसा म्हणून काय लिहू?
मी त्यांच्या खांद्यावर बोट आपटते,
एक उघडली की एकदा.
एक. एक. दोन लागोपाठ.
मग इतक्या की माझी धांदल उडते,
बोट मागे पडतं, आवाज पुढे जातो.
बाबा मान न वळवता म्हणतात,
"तू उशिरा येतेस. हात आधी सांगतो."
आणि गॅस बंद करतात.

कांद्याची पात, झाकण उघडंच, दोन हेलकावे.
तीन उघडल्या नव्हत्या. त्या नाल्यात.

टेबलावर भाताचे दोन वाडगे, रिकाम्या शिंपल्यांसाठी वर्तमानपत्र.
आम्ही बोलत नाही. रस चोखताना कोण बोलतं?
सातव्या की आठव्या तिसरीला
बाबांचा जबडा मध्येच थांबतो.
कपाळावर आठी.
मला वाटतं, दात गेला.
ते जिभेने शोधतात, बोटाच्या टोकावर काढतात
वाळूचा एक कण,
दिव्याखाली धरून बघतात, माझ्याकडे बघतात.

"हा," ते म्हणतात, पहिल्यांदाच हळू,
"हा ऐकला मी."

आणि बोल्टकडे रागाने एक नजर टाकून
पुढची तिसरी उचलतात.