ऐंशीच्या पुढे

सत्तरपर्यंत काही नाही.
ऐंशीला सुरू होतं,
पंच्याण्णवला मनगटावरचं घड्याळ वाचता येत नाही,
आणि एकशेदहाला
काही घडलंच नव्हतं अशी गाडी गप्प.

कसालच्या तिठ्यावर पास्कू मेस्त्रीला एवढंच सांगितलं.
त्यानं बॉनेट उघडलंच नाही.
"हातात थरथरता, काय बुडाखाली?"
हातात.
"म्हणजे फुडची चाकां. ब्रेक मारल्यार वाढता?"
नाही.
"मगे डिस्क नको बघूक."

ओरोसपर्यंत स्वतः चालवून आला,
दोन बोटं स्टिअरिंगवर,
घावन तव्यावरून सुटलं का बघावं तशी.

जॅक लावला, डावं चाक जमिनीवर निजवलं,
रिमच्या आत हात घालून
एक खपली काढली.
तळहाताएवढी,
वाळून चिऱ्यासारखी झालेली तांबडी माती.
"खंय रुतली हुती रे?"

भावाच्या चिरेखाणीवर.
गणपतीच्या आधी पैसे मागायला गेलो होतो,
ते राहिलेच, भांडून निघालो,
आणि उतारावर चाक जागच्या जागी फिरायला लागलं.
ढकलायला दिगंबरच आला.
बोलला नाही.
मी उडवलेला सगळा चिखल त्याच्या अंगावर.

हे मेस्त्रीला सांगितलं नाही.
म्हटलं, अशीच कुठेतरी.

पस्तीस ग्रॅमचं शिसं ठोकलं त्यानं,
दीडशे रुपये घेतले.

कणकवलीकडे नव्वदवर गाडी सूत.
हात उगाच घट्ट धरून होतो.
खाणीकडचा फाटा आला
तेव्हाही स्टिअरिंग हललं नाही.