खळ

शनिवार पेठेत माझं बाइंडिंगचं दुकान.
मिशन बंगल्याच्या रद्दीतलं पुस्तक
मिल्काबाई वाक्रूळकरांनी समोर ठेवलं, शिवण सुटलेलं.
"कुण्या पाद्र्यानं लिहिलंय, साडेतीनशे वर्षांमागं,
आम्ही यहुदी कसे राहतो ते."

आत चित्र. टोपीवाला म्हातारा वाकलाय,
एका हातात मेणबत्ती, दुसऱ्यात पीस,
पलंगाखाली पावाचा चुरा शोधतोय.
खाली इंग्रजी ओळ, बाईंनी मराठीत सांगितली :
पाहा हे आंधळे, उजेड घेऊन
कशाच्या मागं लागलेत.

मला वाटलं, चिडतील.
बाई पीस बघत होत्या.
"कोंबडीचं दिसतंय. पप्पा बदकाचं आणायचे,
रंकाळ्यावरून.
ह्याला कुणीतरी घरात घेतलं असणार हो,
पार पलंगापर्यंत.
दारातून एवढं दिसत नाही."

मी दोरा ओवला, खळीचं भांडं ओढलं.
"कशाची ही?"
"गव्हाची. मोरचूद घालून शिजवलेली, परवाची.
जरा आंबली की पकडते."
त्यांनी हात मागं घेतला.
मग हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
"उद्यापासून आठ दिवस सण आमचा.
पाद्र्याला राहू दे तुमच्याकडंच."

तो आता फळीवर, दगडाखाली, वाळतोय.

काल पानं जुळवताना
त्या चित्राच्याच घडीत
बिस्किटाचा चुरा निघाला,
कुण्या मिशनरीच्या चहातला असेल.
फुंकर मारणार होतो.
थांबलो.
शेजारच्या चिकनवाल्याकडं गेलो,
म्हटलं, एक पीस दे बाबा,
स्वच्छ बघून.